खुर्चीच्या हातातलं यंत्र

जुना सोफा दुकानात आला की कुशनवाले काका आधी त्याला पालथा घालत, खालचं गोणपाट उसवत आणि कोपरापर्यंत हात आत घालत. आत काही ना काही सापडायचंच. पेनांची टोपणं, नाणी, खेळण्यातल्या गाडीचं चाक, केसांची पिन, कधी एखादी किल्ली. सापडेल ते काका खाकी कागदाच्या छोट्या पिशवीत घालत, पिशवीचं तोंड दुमडत आणि नवं कापड चढवून झालं की ती पिशवी टाचणीने सोफ्याच्या पाठीला लावून देत. आत एकच नाणं असलं तरी पिशवी लागायची. ज्या उस्तादाकडे काका हे काम शिकले, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की फोम आपला, खिळे आपले, पण आत सापडलेलं आपलं नाही. उस्ताद तापट माणूस होता. शिव्या पुष्कळ द्यायचा, पण नियम एवढा एकच दिला. काकांनी तो जन्मभर पाळला.

काकू होत्या तेव्हा दुपारी त्या डबा घेऊन दुकानात येत. वेलवेटच्या गठ्ठ्यांवर बसून दोघं जेवत. झाकण उघडता उघडता काकू विचारत, "आज काय निघालं पोटातून?"

काका फळीवरची पिशवी खाली घेत. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचा तर तीन गिळून टाकायचा. पण त्या पिशवीतली पिन किंवा किल्ली तळहातावर घेतली की त्यांची जीभ सैल सुटे. ही किल्ली एका बाईच्या कपाटाची. तिने ती नवऱ्यापासून लपवली, कारण त्या कपाटात तिने त्याच्यासाठीच काहीतरी आणून ठेवलं होतं. आणि मग किल्ली कुठे लपवली तेच ती विसरली.

"मग?" काकूंचा घास हातातच.

"मग काय. एवढंच."

"असं कसं एवढंच, अहो? कपाट फोडायला नको?"

"फोडलं असेल."

"असेल काय असेल. तुम्हीच तर सांगताय. फोडा की."

काकांना मग कपाट फोडावं लागे. काकू म्हणत, "हे सगळं कुठेतरी पुस्तकात छापून यायला हवं. म्हणजे मी विसरायला मोकळी."

काकू गेल्यावर डबा काकाच घेऊन येऊ लागले आणि एकटेच जेवू लागले. पिशव्या फळीवर जमत, सोफ्यांबरोबर परत जात, आणि आज काय निघालं हे विचारणारं कोणी उरलं नाही. एके दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी कुशनचे आकार कापायचा तपकिरी कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीने लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आपण लिहितोय हे कोणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं वाटून ते कागद त्यांनी रेक्झिनच्या गुंडाळीत सरकवून ठेवले.

ते कागद सापडले चिमणला. चिमण म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, काकांचा मेहुणा. डोक्यावर एक केस राहिला नाही तरी बहिणीने लाडाने ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. त्याचं पलीकडच्या गल्लीत झेरॉक्सचं आणि मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. काउंटरच्या स्टुलाला रेक्झिन हवं म्हणून तो आला, गुंडाळी उलगडली आणि उभ्या उभ्या वाचत राहिला.

"दाजी, हे ताईला सांगायचात ना तुम्ही?"

काका कात्री शोधू लागले. कात्री त्यांच्या हातातच होती.

"लपवताय काय. मला सगळं सांगायची ती फोनवर. किल्लीची गोष्ट मला पाठ आहे." चिमणचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. पुढे एवढं सगळं झाल्यावरही, त्या दिवशीचं चिमणचं रडणं खोटं होतं असं काकांना कधी म्हणता आलं नाही.

चिमणनेच मग मार्ग काढला. हल्ली इंटरनेटवर अशा जागा असतात, तिथे कोणीही आपल्या गोष्टी टाकाव्यात, प्रकाशकाच्या दारात जायला नको. आवडल्या तर वाचक दर महिन्याला थोडे पैसे भरतात आणि दर आठवड्याला एक गोष्ट वाचतात. टाइप मी करतो, टाकायचं मी बघतो, तुम्ही फक्त लिहा. पैसे निम्मे निम्मे.

"नाव काय घालू?"

"नाव नको," काका म्हणाले.

"नावाशिवाय कसं चालेल, दाजी? लोक म्हणतील कोणी लिहिलं."

"मग नाहीच टाकलं तर?"

शेवटी त्या पानाला 'उसवण' असं नाव दिलं आणि लेखकाची जागा रिकामी ठेवली. खातं चिमणचं, फोन नंबर चिमणचा, बँक चिमणची. काकांना ते बरंच वाटलं. लाजाळू माणसाला आडोसा हवा असतो. तो आडोसा कोणाच्या मालकीचा आहे हे त्याला तेव्हा सुचत नाही.

पैशाच्या बाबतीत चिमणने त्यांना कधी फसवलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. महिना संपला की तो निम्मे आणून द्यायचा. फार नव्हते, पण वर्षभरात काकांनी त्यातून हवेवर चालणारी स्टेपल गन घेतली. गिऱ्हाइकं म्हणत, "नवी घेतली वाटतं?" काका म्हणत, "घेतली." ती लिहून मिळालेल्या पैशाची आहे हे सांगायला त्यांचे ओठ शिवशिवत, पण ते दुसरीकडे बघत. त्यांचा स्वतःचा फोन जुना, बटणांचा होता. त्यांनी ते पान कधी पाहिलंच नव्हतं. दर आठवड्याला चिमण दोन कागद छापून आणे. एकावर गोष्ट असे आणि दुसऱ्यावर वाचकांनी काय लिहिलं ते. तो दुसरा कागद काका जेवताना समोर ठेवत आणि फार हळू जेवत.

एके दिवशी चिमण आला तो दारातूनच बोलत आला. ते संकेतस्थळ निवडक पानांची छापील पुस्तकं काढणार होतं. 'उसवण' त्यात जवळजवळ नक्की होतं. "कागदाचं पुस्तक, दाजी. ताई म्हणायची तसं."

काका पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी एका दिवाणाचं कापड उलट्या बाजूने ठोकलं आणि सगळं पुन्हा उसवलं.

त्याच सुमाराला औषधांच्या दुकानातली बाई आपल्या सासऱ्यांची खुर्ची घेऊन आली. काका दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याकडूनच घेत. सासरे गेल्याला काही महिने झाले होते. एकट्याने बसायची गादीची खुर्ची, रुंद हातांची, बसून बसून मधोमध खड्डा पडलेली. "टाकवत नाही आणि बघवतही नाही," ती म्हणाली. "नवं कापड घाला काका, म्हणजे निदान ते बसलेत असं वाटणार नाही."

काका मापं घेत होते तेवढ्यात ती फोनवर काहीतरी वाचत बसली. मध्येच हसली.

"काका, तुमच्याच धंद्यावर कोणीतरी लिहितंय, ठाऊक आहे का? 'उसवण' म्हणून आहे. सोफ्यात सापडलेल्या वस्तूंच्या गोष्टी. मी पैसे भरून वाचते. आमच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की हेच."

काकांच्या हातातली टेप आपोआप गुंडाळली गेली.

"कसं असतं?"

"काय सांगू. सगळं खरं असतं त्यात."

ही त्यांनी आजवर ऐकलेली सगळ्यात मोठी शाबासकी होती. काकांनी खुर्चीच्या पाठीचं माप पुन्हा घेतलं, कारण मान वर करायची सोय नव्हती.

तिच्या खुर्चीतून निघालं ते कानाचं यंत्र. बोटाच्या पेराएवढं, बदामी रंगाचं, मागच्या कडीला निळा दोरा बांधलेला. सोफ्यात वस्तू कुठे सापडतात हे काका डोळे मिटून सांगू शकत. आपोआप घरंगळलेलं सगळं बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन साठतं. हे यंत्र तिथे नव्हतं. ते उजव्या हाताच्या आत, काथ्या आणि लाकडाच्या फटीत, चांगलं खोल होतं. तिथे कुणी मुद्दाम बोटाने ढकलल्याशिवाय काही जात नाही. निदान आजवर काही गेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

काकांनी यंत्र पिशवीत घातलं आणि पिशवी खुर्चीला लागण्याआधी रिवाजाप्रमाणे फळीवर ठेवली. दुपारी कागद ओढला. गोष्ट सरसर आली. एक म्हातारा, एक सून. सून वाईट नाही, पण तिचा आवाज सकाळपासून सुरू व्हायचा तो थांबायचा नाही. म्हातारा एके दिवशी कानातलं यंत्र काढतो आणि खुर्चीच्या हातात खोल सरकवून देतो. सून घरभर शोधते, त्याच्यावरच चिडते. म्हातारा तिच्या हलत्या ओठांकडे बघून हसतो. मरेपर्यंत तो तिच्याकडे बघून हसतो आणि ती समजते, म्हाताऱ्याला आपली माया कळते.

लिहून झाल्यावर काका जरा घाबरले. सुनेच्या जागी मुलगी घालून पाहिली. गोष्ट बसेना. नातू घातला, तर हसूच येईना. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की कानाची यंत्रं घरोघर असतात आणि सुनाही. शिवाय गोष्ट रचलेली आहे हे वाचणाऱ्याला कळतंच. चिमण कागद घ्यायला आला, फळीपाशी जरा रेंगाळला आणि गेला.

खुर्ची पिशवीसकट घरी पोचली तेव्हा औषधवाल्या बाईचा फोन आला. आवाज ओला होता. "काका, किती शोधलं होतं हो हे आम्ही. तुम्ही परत दिलंत, दुसऱ्या कोणी दिलं नसतं." काका "हो, हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर गोष्ट मागे घ्यावी असं मनात आलं, पण तोवर ती चिमणकडे गेली होती.

औषधवाली बाई पुन्हा आली तेव्हा दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तिने चप्पलही काढली नाही. फोन काकांच्या समोर, कापायच्या टेबलावर ठेवला.

काकांनी चष्मा चढवला. वर 'उसवण' लिहिलेलं होतं. त्याखाली लाल अक्षरांत 'खरं घडलेलं'. त्याखाली फोटो. त्यांचीच फळी, त्यांच्याच खाकी पिशवीचं उघडलेलं तोंड, आणि त्यातून बाहेर लोंबणारा निळा दोरा. आणि त्याखाली त्यांची गोष्ट, त्यांच्या शब्दांत.

"तो दोरा मी बांधलाय," ती म्हणाली. "हरवू नये म्हणून. कोणाला विकलंत हे?"

"विकलं नाही."

"मग?"

"मी लिहिलंय."

ती बघत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही? म्हणजे त्या दिवशी मी इथे बसून वाचत होते, तुम्हाला सांगत होते, तेव्हा तुम्ही मापं घेत होतात."

काकांनी मान हलवली.

"माझी मापं घेत होतात." तिने फोन उचलला, बोटाने वर सरकवला आणि वाचायला लागली. "हे बघा. 'सून वाचतेय ना?' असं लिहिलंय एकाने. वाचतेय म्हणावं. पैसे भरून वाचतेय."

"गोष्ट रचलेली आहे," काका म्हणाले. "देवाशपथ. मला तुमच्या घरातलं काय ठाऊक?"

"इथे तर खरं घडलेलं लिहिलंय."

"ते मी नाही लिहिलं."

"गोष्ट तुमची. फोटो तुमच्या दुकानातला. पिशवी तुमची. आणि दोन शब्द तेवढे तुमचे नाहीत."

काकांकडे उत्तर होतं, पण ते कोणत्याही तोंडाने सांगितलं असतं तरी खोटंच वाटलं असतं.

ती आता टेबलाला टेकली होती. आवाज खाली आला. "मी ओरडायचे त्यांच्यावर. ऐकू यायचं नाही म्हणून मोठ्याने बोलायचे, आणि मोठ्याने बोलायला लागलं की माणूस नको ते बोलतो. यंत्र हरवलं तेव्हा फार बोलले मी. नवं घेऊन दिलं नाही. ते नुसते हसायचे." ती थांबली. "एवढंच सांगा. कुठे सापडलं?"

काकांना त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायची घाई झाली.

"मागच्या कोपऱ्यात," ते म्हणाले. "बैठकीच्या मागे. सगळ्यांचं तिथेच घरंगळतं. आपोआप जातं ते."

तिने फोनकडे पाहिलं आणि सावकाश वाचलं. "'उजव्या हाताच्या आत, काथ्या आणि लाकडाच्या फटीत, जिथे मुद्दाम बोटाने ढकलल्याशिवाय काही जात नाही.'" मग काकांकडे. "हेही रचलेलं?"

"हो."

"काथ्यासुद्धा?"

काका टेबलावरच्या चिंध्या गोळा करू लागले. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही परत दिलंत म्हणून मी रडले होते, काका. किती मूर्ख दिसले असेन फोनवर." उत्तराची वाट न बघता ती गेली.

काका शटर अर्धं ओढून चिमणच्या दुकानात गेले. चिमण झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होता. त्याला म्हणाले, दाखव. काय दाखवू, दाजी? सगळं दाखव. चिमणने संगणक त्यांच्याकडे वळवला आणि काकांनी पहिल्यांदा आपलं पान पाहिलं. पिनेचा फोटो. चाकाचा. टोपणांचा. किल्लीचा सुद्धा, काकूंना सांगितलेल्या त्या किल्लीचा, ती तर कधीच परत गेलेली.

"ती माझ्या कपाटाची लावली," चिमण म्हणाला. "किल्ली ती किल्ली."

"आणि हे? खरं घडलेलं?"

"तो विभाग आहे, दाजी. काल्पनिक कथांमध्ये टाकलं तर कुत्रं वाचत नाही. पहिले दोन महिने तिथेच होतं, तुम्हाला सांगितलं नाही मी. वाईट वाटलं असतं तुम्हाला. तिकडून इकडे आणलं आणि लोक यायला लागले."

म्हणजे तो दुसरा कागद, जेवताना समोर ठेवायचा, त्यातली एकही शाबासकी गोष्टीला नव्हती. 'अंगावर काटा आला' असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं की ते कोणाच्या तरी घरात डोकावतायत. काका स्टुलावर बसले. रेक्झिन त्यांनीच लावलेलं होतं.

"काढून टाक."

"तेवढी एक काढतो हवं तर. बाईंना त्रास झाला असेल तर काढू की."

"लिही तिथे की सगळ्या गोष्टी रचलेल्या आहेत. पहिल्यापासून."

चिमणने संगणक पुन्हा स्वतःकडे वळवला. "पुस्तक त्या विभागातून निघतंय, दाजी. खऱ्या गोष्टींचं पुस्तक आहे ते. मी सही करून दिली, सगळं खरं आहे म्हणून. आता उलट लिहिलं तर पुस्तक तर जाईलच, वर मी खोटा ठरेन."

"मी काय ठरलो?"

"तुमचं नाव कुठे आहे त्यात? तुम्हीच नको म्हणालात. कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही." हे तो समजूत काढायच्या सुरात म्हणाला. त्याला खरोखर वाटत होतं की तो काकांना वाचवतोय. "ताईसाठी करतोय मी हे. ती म्हणायची ना पुस्तक यावं."

काकांना बरंच बोलायचं होतं. काकू जेव्हा 'मग?' म्हणत तेव्हा त्यांना पक्कं ठाऊक असायचं की काका थापा मारतायत, आणि तरी त्यांचा घास हातात राहायचा. त्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं. पण हे चिमणला कसं सांगायचं ते त्यांना जमलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तिला माहीत असायचं रे," आणि उठले. चिमणने विचारलं, काय माहीत असायचं? तोवर ते पायरी उतरले होते.

कानाच्या यंत्राची गोष्ट चिमणने काढून टाकली, पण तोवर ती बरीच पुढे गेली होती. वस्तीत कुजबुज सुरू झालीच. काका आता गोळ्या दुसऱ्या दुकानातून घेतात.

पुस्तक यायचं ते आलं. चिमणने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. गुळगुळीत मुखपृष्ठावर 'उसवण', खाली बारीक अक्षरांत 'सोफ्यांच्या पोटातून निघालेल्या खऱ्या गोष्टी', आणि संकलक म्हणून चिमणचं पूर्ण नाव, जे काकांनी फक्त लग्नपत्रिकेत वाचलं होतं. काकांनी हात खिशातल्या फडक्याला पुसले, मग पुस्तक हातात घेतलं. किल्लीची गोष्ट काढली. शेवटपर्यंत वाचली. कपाट फोडलेलं होतं. मग त्यांनी एक मोठी खाकी पिशवी घेतली, पुस्तक आत घातलं, तोंड दुमडलं, टाचणी लावली आणि पिशवी चिमणच्या हातात परत दिली.

"हे काय, दाजी?"

"तुझं आहे."

"रागावलात?"

"नाही रे. तुझ्या दुकानात राहू दे."

त्यानंतर काकांनी लिहिलं नाही. दुपारी जेवतात आणि लगेच कामाला लागतात. स्टेपल गन मात्र वापरतात. विकून टाकावी असं दोनदा मनात आलं, पण खिळे ठोकून मनगट दुखतं.

गिऱ्हाइकं येतात. कामाला अजून कोणी नाव ठेवत नाही. फक्त सोफा दारात उतरवला की हल्ली मालक जरा घुटमळतो. माल उतरवणाऱ्यांना थांबा म्हणतो, वाकतो आणि बैठकीच्या कडेने हात आत घालतो. मागचे कोपरे चाचपतो. काहीजण हे काकांची नजर चुकवून करतात, काहीजण सरळ करतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा काका कापडाचे नमुने आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

आता ते आत जात नाहीत. सोफा उतरला की स्वतःच म्हणतात, "आधी तुम्ही हात घालून बघून घ्या. सगळं नीट बघा." आणि माणूस नुसते कोपरे चाचपून उठायला लागला, तर दुसरीकडे बघत हळूच सांगतात, "हातांच्या आतही बघा. खोल बघा."